१४ शिखरं, ९२ दिवस: गिर्यारोहणाचा विक्रम वाचायचा कसा?

२७ जुलै २०२३ रोजी नॉर्वेची क्रिस्टिन हारिला आणि नेपाळचा तेनजेन लामा शेर्पा के-टूच्या माथ्यावर पोहोचले. ८,००० मीटरहून उंच अशी जगात १४ शिखरं आहेत. त्या सगळ्यांवर हे दोघं ९२ दिवसांत जाऊन आले होते. ही १४ शिखरं पहिल्यांदा पूर्ण करणाऱ्या राइनहोल्ड मेस्नरला १६ वर्षं लागली होती, १९७० ते १९८६. नुसते आकडे शेजारी ठेवले तर हारिला मेस्नरच्या ६० पटीहून अधिक वेगवान ठरते. पण डोंगर जाणणारं कुणीही असा हिशेब मांडणार नाही. का मांडणार नाही, तेच या लेखात उलगडून सांगायचं आहे.

नाशिककरांना हा विषय परका नाही. सह्याद्रीतलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) आपल्या जिल्ह्याच्या सीमेवर उभं आहे. राज्यातला सर्वांत उंच किल्ला साल्हेर (१,५६७ मीटर) आपल्या बागलाणात आहे. पावसाळ्यातल्या रविवारी पहाटे त्र्यंबक रस्त्याला आणि इगतपुरीकडे मोटारसायकलींची रांग लागते. अंजनेरी किंवा हरिहर उतरून चहाला टेकलेल्या मुलांच्या गप्पांत एव्हरेस्ट निघतंच. सर्वांत लहान कोण, सर्वांत जलद कोण, सर्वांत जास्त वेळा कोण? ही उत्सुकता मला फार मोलाची वाटते. तिला नीट माहितीची जोड मिळायला हवी.

माझं म्हणणं एवढंच आहे की विक्रमाचा आकडा एकटा वाचू नये. फुप्फुसात कुठली हवा होती, दोर कुणी लावला, ऋतू कोणता, परवाना कसा मिळाला, सोबत कोण होतं, आणि माथा म्हणून नेमक्या कोणत्या जागेवर पाय ठेवला, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही.

आधी ही यादीच पाहू. १४ शिखरं हिमालय आणि काराकोरम या दोन रांगांत आहेत. एव्हरेस्ट ८,८४८.८६ मीटर, ही उंची नेपाळ आणि चीनने मिळून २०२० मध्ये जाहीर केली. त्याखालोखाल के-टू ८,६११, कांचनजंगा ८,५८६, ल्होत्से ८,५१६, मकालू ८,४८५, आणि असं करत शेवटी शिशापंग्मा, ८,०२७. ८,००० ही रेषा माणसाने आखलेली आहे. उंची फुटांत मोजायची म्हटलं तर हाच आकडा २६,२४७ असा वेडावाकडा येतो, मग त्यावर कुणी यादी केली नसती. ७,९०० मीटरच्या काही डोंगरांवरची चढाई यातल्या काहींपेक्षा कठीण आहे, पण त्या डोंगरांची नावं सहसा कुणाला ठाऊक नसतात.

या यादीतलं पहिलं शिखर माणसाने ३ जून १९५० रोजी गाठलं: अन्नपूर्णा. मॉरिस हर्झोग आणि लुई लाशनाल हे दोन फ्रेंच गिर्यारोहक वर पोहोचले, पण उतरताना हिमदंशाने दोघांच्या पायांची बोटं गेली, हर्झोगच्या हातांचीही. एव्हरेस्ट २९ मे १९५३ रोजी, के-टू १९५४ मध्ये. शेवटचं शिशापंग्मा १९६४ मध्ये चिनी पथकाने सर केलं. म्हणजे १४ वर्षांत १४ शिखरं सर झाली. त्यानंतर ‘पहिला’ होण्याची जागा उरली नाही, आणि माणसं नव्या अटी शोधू लागली: हिवाळ्यात, एकट्याने, ऑक्सिजनशिवाय, नव्या वाटेने, सर्वांत कमी दिवसांत. आज आपण जे विक्रम वाचतो ते बहुतेक सगळे या दुसऱ्या प्रकारचे आहेत.

हवेचा हिशेब

सर्वांत मोठी अट हवेची. पुष्कळांना वाटतं की वर ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं. प्रमाण तेच असतं, गोदाघाटावरही सुमारे २१ टक्के आणि एव्हरेस्टवरही २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. दाब घटला की प्रत्येक श्वासात हवेचे रेणूच कमी येतात, आणि त्यांना फुप्फुसातून रक्तात ढकलणारं बळही कमी पडतं.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब मुंबईच्या साधारण ९४ टक्के असतो, आपल्याला तो फरक जाणवतही नाही. कळसूबाईच्या माथ्यावर तो ८२ टक्क्यांच्या आसपास येतो. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पवर, ५,३०० मीटरच्या वर, जवळपास निम्मा. माथ्यावर एक तृतीयांश. हा शेवटचा आकडा अंदाजाने ठरवलेला नाही. १९८१ मध्ये अमेरिकी वैद्यकीय मोहिमेतला डॉक्टर ख्रिस पिझ्झो दाबमापक घेऊन माथ्यावर गेला आणि त्याने २५३ मिलिमीटर पारा अशी नोंद केली. समुद्रकाठी हा आकडा ७६० असतो.

२००७ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांच्या एका पथकाने याहून धाडसी काम केलं. एव्हरेस्टवरून उतरताना ८,४०० मीटरवर त्यांनी जांघेतल्या धमनीतून स्वतःच्याच रक्ताचे नमुने घेतले. शेर्पांनी ते नमुने धावतपळत खालच्या कॅम्पवरच्या प्रयोगशाळेत पोहोचवले. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब सरासरी २४.६ मिलिमीटर निघाला. निरोगी माणसात तो ९०-१००च्या घरात असतो. रुग्णालयात एखाद्याचा असा अहवाल आला तर डॉक्टर त्याला जगण्या-मरण्याच्या उंबरठ्यावरचा रुग्ण समजतील. ही माणसं मात्र त्या अवस्थेत दोरावरून उतरत होती.

हे शक्य होतं, कारण शरीर हळूहळू बदलतं. श्वास खोल आणि जलद होतो. मूत्रपिंडं रक्ताचं रसायन सावरून घेतात. काही आठवड्यांत तांबड्या पेशी वाढतात. म्हणून गिर्यारोहक एका दमात वर जात नाहीत. वर चढायचं, झोपायला खाली यायचं, पुन्हा थोडं आणखी वर जायचं. या सरावाला फाटा दिला तर फुप्फुसात पाणी भरतं किंवा मेंदूला सूज येते, आणि दोन्हींत तातडीने खाली उतरणं हाच खरा उपाय असतो. शेर्पा आणि तिबेटी लोकांच्या शरीरात हजारो वर्षांच्या वास्तव्याने काही जनुकीय बदल रुजले आहेत. गंमत म्हणजे त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन आपल्या अपेक्षेइतकं वाढत नाही. त्यामुळे रक्त घट्ट होत नाही, आणि तोच त्यांचा फायदा.

८,००० मीटरच्या वर मात्र कुणाचंच शरीर कायमचं जुळवून घेऊ शकत नाही. भूक मरते, झोप येत नाही, स्नायू झिजतात, विचार मंदावतो. या पट्ट्याला गिर्यारोहक ‘डेथ झोन’ म्हणतात.

आता सिलिंडरचा ऑक्सिजन घेतला की काय होतं? माणूस उभा त्याच उंचीवर असतो, पण त्याच्या रक्तापुरतं शिखर बरंच खाली येतं. बोटांना ऊब राहते, डोकं चालतं, पावलं पडतात. एका भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १,२०० लिटर ऑक्सिजन असतो, मिनिटाला २ लिटर घेतला तर १० तास पुरतो. एव्हरेस्टवर आजवर १२ हजारांहून अधिक चढाया झाल्या, पण ऑक्सिजनशिवाय माथा गाठणारी माणसं आहेत सुमारे २००. ८ मे १९७८ रोजी मेस्नर आणि पीटर हाबेलर यांनी पहिल्यांदा हे करून दाखवलं, तोवर अनेक जाणकार डॉक्टरांना ते अशक्य वाटत होतं. दोन वर्षांनी, २० ऑगस्ट १९८०ला, मेस्नर तिबेटच्या बाजूने ऑक्सिजनशिवाय आणि एकटा वर गेला.

यातही ऋतूचा बारकावा आहे, आणि मला तो फार विलक्षण वाटतो. हवेचा दाब उन्हाळ्यात थोडा जास्त असतो, हिवाळ्यात कमी. शिवाय विषुववृत्ताच्या बाजूला हवेचा थर जाड असतो. एव्हरेस्ट २८ अंश अक्षांशावर आहे म्हणून तिथे ऑक्सिजनशिवाय जेमतेम निभावतं. तेवढाच उंच डोंगर अलास्कात असता तर कदाचित कुणालाच सिलिंडरशिवाय जाता आलं नसतं. म्हणून हिवाळ्यात ऑक्सिजनशिवाय जाणं म्हणजे त्याच शिखराला आणखी उंच करून चढणं. आजवर एकाच माणसाने हे एव्हरेस्टवर केलं: आंग रिता शेर्पाने, २२ डिसेंबर १९८७ रोजी. आपल्याकडे किती जणांनी हे नाव ऐकलं आहे?

दोर कुणाचा?

कळसूबाईला बारी गावातून जाणाऱ्यांना लोखंडी शिड्या ओळखीच्या आहेत. त्या नसत्या तर तेच कातळटप्पे किती जणांना जमले असते, याचा क्षणभर विचार करा. एव्हरेस्टवरचा ‘फिक्स्ड रोप’ तसाच आहे. दर वसंतात शेर्पांचं पथक बेस कॅम्पपासून माथ्यापर्यंत दोर बांधतं. खुंबू हिमप्रपातात, जिथे घराएवढे बर्फाचे ठोकळे सरकत असतात, तिथे ‘आइसफॉल डॉक्टर’ म्हणून ओळखले जाणारे शेर्पा ॲल्युमिनियमच्या शिड्या टाकून वाट करतात. बाकी सगळे त्या दोराला जुमार अडकवून चढतात. जुमार म्हणजे दोरावर फक्त वर सरकणारी, खाली न घसरणारी पकड.

ही वाट उघडताना कोणती किंमत मोजली जाते, ते १८ एप्रिल २०१४ला जगाला दिसलं. हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळला आणि १६ नेपाळी कामगार गेले. त्यांच्यापैकी कुणीही त्या सकाळी विक्रमासाठी चढत नव्हतं. ते दुसऱ्यांचे तंबू, अन्न आणि सिलिंडर वर नेत होते.

कामी रिता शेर्पाने मे २०२५ मध्ये ३१व्यांदा एव्हरेस्ट सर केलं, तेव्हा बातम्यांत फक्त आकडा आला. तो १९९४ पासून हे करतो आहे, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी दुसऱ्या कुणाला तरी माथ्यावर नेण्याचं किंवा त्यांच्यासाठी वाट करण्याचं काम करत करत. हे त्याचं पोट भरण्याचं साधन आहे. ३१ या आकड्यामागे एवढा संदर्भ असल्याचं कळलं की मला तरी तो विक्रम आणखी मोठा वाटतो.

दोराविना, थोड्या माणसांत, जे लागेल ते पाठीवर घेऊन चढणं याला ‘अल्पाइन शैली’ म्हणतात. मेस्नर आणि हाबेलर यांनी १९७५ मध्ये गॅशरब्रुम-१ असं सर केलं. मेस्नरच्या पाठोपाठ १४ शिखरं पूर्ण करणारा पोलंडचा येझी कुकुच्का मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळचा वाटतो. साम्यवादी पोलंडमध्ये परकीय चलन मिळत नसे. मोहिमेसाठी पैसे जमवायला तो आणि त्याचे सोबती कारखान्यांच्या उंच धुराड्यांना लोंबकळून रंग देत. त्याने १४ शिखरं आठ वर्षांच्या आत पूर्ण केली, मेस्नरच्या निम्म्या वेळात. त्यांतली दहा नव्या वाटांनी, चार हिवाळ्यात. एव्हरेस्ट सोडून कुठेही ऑक्सिजन वापरला नाही. १९८९ मध्ये ल्होत्सेच्या दक्षिण भिंतीवर दोर तुटून तो गेला. ‘दुसरा’ असा शिक्का त्याच्या कामावर बसला तो केवळ क्रमांकामुळे. चढाईच्या प्रतीने पाहिलं तर पुष्कळ जाणकार त्याला पहिल्याच्या बरोबरीने बसवतात.

वाटेचं मोल कळायला नाशिककरांना लांब जावं लागत नाही. हरिहरच्या दगडी पायऱ्यांवर आज गर्दी मावत नाही, पण त्याच डोंगराला सुमारे १७० मीटरचा एक उभा कडा आहे, ज्याला ट्रेकर ‘स्कॉटिश कडा’ म्हणतात. तो पहिल्यांदा चढला ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉट, १९८६ मध्ये. हाच डग स्कॉट २४ सप्टेंबर १९७५ रोजी डूगल हॅस्टनसोबत एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य भिंतीवरून माथ्यावर गेला होता. ती भिंत त्याआधी अनेक पथकांना दाद देत नव्हती. उतरताना अंधार पडला, म्हणून दोघांनी दक्षिण शिखराजवळ, ८,७०० मीटरच्याही वर, बर्फ कोरून रात्र काढली. झोपण्याची पिशवी नव्हती, ऑक्सिजन संपला होता. सकाळी दोघंही हातापायाची बोटं शाबूत घेऊन उतरले. हरिहरचा माथा पायऱ्यांनीही तोच आणि कड्यानेही तोच. विक्रमांच्या तक्त्यात मात्र बहुतेक वेळा फक्त माथाच लिहिला जातो.

मान्सून, परवाना आणि हेलिकॉप्टर

मे महिन्यातच एव्हरेस्टवर गर्दी का होते? इथे आपला मान्सून येतो. हिवाळाभर एव्हरेस्टच्या माथ्यावरून जेट स्ट्रीम नावाचा प्रचंड वेगाचा वारा वाहत असतो, ताशी १५० किलोमीटरहूनही जोराने. मान्सून जसजसा जवळ येतो तसतसा हा वारा उत्तरेला, तिबेटपलीकडे सरकतो. तो सरकला आणि पाऊस-बर्फ अजून पोहोचलेला नाही, असे मधले थोडे दिवस माथा शांत असतो. नाशिकचा शेतकरी रोहिणीच्या आधी आभाळाकडे डोळे लावून बसतो, त्याच सुमाराला बेस कॅम्पवर शेकडो माणसं हवामानाच्या अंदाजाकडे डोळे लावून बसलेली असतात. सगळ्यांना तेच चार दिवस हवे असतात. २२ मे २०१९ला माथ्याखालच्या धारेवर लागलेल्या रांगेचं छायाचित्र जगभर फिरलं, त्याचं कारण हेच. त्या हंगामात एव्हरेस्टवर ११ जणांचा मृत्यू झाला.

काराकोरममध्ये, म्हणजे के-टूच्या बाजूला, मान्सूनचा जोर फारसा पोहोचत नाही. तिथला हंगाम जुलै-ऑगस्टचा. आणि पावसाळा संपला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नेपाळ-तिबेटमध्ये दुसरी संधी मिळते. आता १४ शिखरांच्या जलद विक्रमाचा आराखडा आपोआप समोर येतो: वसंतात नेपाळ, जुलैत पाकिस्तान, शरदात उरलेली. रांगेचं ते छायाचित्र ज्याने टिपलं, त्या निर्मल पूर्जाने २०१९ मध्ये हेच केलं. २३ एप्रिलला अन्नपूर्णा, मे संपायच्या आत एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू धरून सहा शिखरं, जुलैत पाकिस्तानातली पाचही, आणि शेवटचं शिशापंग्मा २९ ऑक्टोबरला. एकूण ६ महिने ६ दिवस. त्याआधीचा विक्रम होता दक्षिण कोरियाच्या किम चांग-हो याचा, ७ वर्षं १० महिने ६ दिवस. पण किमने ऑक्सिजन वापरला नव्हता, पूर्जाने वापरला. पूर्जाचा वेग थक्क करणारा आहे, तो ब्रिटिश सैन्यातला माजी गुरखा, शरीराने विलक्षण कणखर. तरी हे दोन आकडे एका रकान्यात लिहिणं मला योग्य वाटत नाही.

मग हारिलाने ६ महिन्यांचे ९२ दिवस कसे केले? तिची ताकद आणि जिद्द होतीच. पण २०२२ मध्ये तिने १४ पैकी १२ शिखरं केली होती आणि तिथेच अडकली, कारण शिशापंग्मा आणि चो ओयू या दोन शिखरांसाठी चीनचा परवाना मिळाला नाही. २०२३ मध्ये परवाना वसंतातच मिळाला. तिने २६ एप्रिलला शिशापंग्मापासूनच पुन्हा सुरुवात केली. शरद ऋतूची वाट पाहण्याची गरजच उरली नाही. एका बेस कॅम्पवरून दुसऱ्याकडे हेलिकॉप्टर, आधी जाऊन वाट तयार करणारी पथकं, सिलिंडरचा साठा, आणि या सगळ्याचा खर्च. हा विक्रम पायांचा आहे, तसाच व्यवस्थेचाही आहे. व्यवस्था उभी करणं हे मोठंच कौशल्य आहे, फक्त ते वेगळं कौशल्य आहे हे लक्षात ठेवायला हवं.

मे २०२५ मध्ये चार ब्रिटिश गिर्यारोहक लंडनहून निघून एव्हरेस्ट करून आठवड्याभरात घरी परतले. त्यांनी घरीच विरळ हवेच्या तंबूत झोपून सराव केला होता आणि निघण्याआधी झेनॉन वायू हुंगला होता. जागतिक गिर्यारोहण संघटनेच्या वैद्यकीय आयोगाने त्याआधीच सांगितलं होतं की झेनॉनने चढाईची क्षमता वाढते याला पुरावा नाही.

शर्यतीची किंमत

हारिला के-टूवर चढत होती त्याच २७ जुलैला ‘बॉटलनेक’ नावाच्या अरुंद, उभ्या टप्प्यावर मोहम्मद हसन हा पाकिस्तानी कामगार पडला आणि तिथेच मरण पावला. डझनावारी गिर्यारोहक त्याच्याजवळून माथ्याकडे गेले. आपल्या गटाने त्याला वाचवायचा प्रयत्न केला, असं हारिलाने सांगितलं. दोष कुणाचा हे इथे बसून ठरवायचा अधिकार मला नाही. पण त्या दिवसाची बातमी ‘९२ दिवसांत १४ शिखरं’ एवढीच वाचली, तर हसन त्यात कुठेच राहत नाही.

आणि तेनजेन लामा. विक्रमात त्याचं नाव हारिलाच्या बरोबरीने आहे. त्यानंतर अडीच महिनेही झाले नव्हते, तो पुन्हा शिशापंग्मावर होता, या वेळी एका अमेरिकी महिलेचा मार्गदर्शक म्हणून. १४ शिखरं पूर्ण करणारी पहिली अमेरिकी स्त्री कोण, यासाठी त्या दिवशी डोंगरावर दोघी जणी होत्या. दोघींचंही हेच शेवटचं शिखर होतं. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हिमस्खलन झालं. दोघी गेल्या, मिंगमार शेर्पा गेला आणि तेनजेनही गेला. जगातला सर्वांत वेगवान गिर्यारोहक दुसऱ्याच्या विक्रमासाठी चढताना गेला, कारण ते त्याचं काम होतं. हे लिहिताना मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं.

माथा म्हणजे कुठे?

शेवटची अट साधी वाटते, पण सर्वांत वादाची आहे. माणूस खरंच माथ्यावर गेला होता का?

अनेक दशकं हा तपास एका बाईने केला. एलिझाबेथ हॉली ही अमेरिकी पत्रकार १९६० मध्ये काठमांडूत राहायला आली आणि २०१८ मध्ये मृत्यू होईपर्यंत तिथेच राहिली. स्वतः एकही शिखर चढली नाही. पण मोहीम शहरात आली की ती हॉटेलवर हजर व्हायची आणि उलटतपासणी घ्यायची: वरून काय दिसलं, कोणता दोर कुठे होता, आधीच्या पथकाने सोडलेली वस्तू दिसली का? तिच्या नोंदींतूनच ‘हिमालयन डेटाबेस’ उभा राहिला.

पुढे जर्मनीच्या एबरहार्ड युर्गाल्स्की याने छायाचित्रं आणि उपग्रह-मोजणी लावून तपासलं, तेव्हा धक्कादायक गोष्ट पुढे आली. मनास्लूवर बहुतेक जण खऱ्या माथ्याच्या अलीकडच्या टेकाडावरूनच परतत होते. अन्नपूर्णेचा माथा ही लांब धार आहे, तिच्यावरचा सर्वोच्च बिंदू धुक्यात ओळखणं कठीण. २०२१ मध्ये मनास्लूवर ड्रोनने टिपलेल्या चित्रात मिंगमा ग्याल्जे शेर्पाचं पथक गर्दीला मागे सोडून खऱ्या माथ्याकडे जाताना स्पष्ट दिसलं, आणि वाद संपला. २०२३ मध्ये गिनेसने मेस्नरचा ‘पहिला’ हा मान काढून अमेरिकेच्या एड व्हिस्टर्सला दिला, कारण १९८५ मध्ये मेस्नर अन्नपूर्णेच्या सर्वोच्च बिंदूपासून थोडा अलीकडे थांबला असावा. व्हिस्टर्सने स्वतःच सांगितलं की पहिला मेस्नरच आहे. मला व्हिस्टर्सचं म्हणणं पटतं. धारेवरचे काही मीटर हा मोजणीचा प्रश्न आहे, फसवणुकीचा नाही.

फसवणूक वेगळी असते, आणि तीही आपल्या राज्याने पाहिली आहे. २०१६ मध्ये पुण्यातल्या एका पोलीस दांपत्याने एव्हरेस्ट सर केल्याचा दावा केला. छायाचित्रं जुळवलेली निघाली, आणि नेपाळने दोघांवर १० वर्षांची बंदी घातली.

कांचनजंगाची गोष्ट याच्या नेमकी उलट. २५ मे १९५५ला जो ब्राउन आणि जॉर्ज बँड माथ्याच्या काही फूट खाली मुद्दाम थांबले. सिक्कीमच्या लोकांसाठी ते शिखर पवित्र आहे आणि त्यावर पाय ठेवणार नाही असा शब्द दिला गेला होता. पुढच्या अनेकांनी तो पाळला, आणि त्यांची चढाई पूर्ण मानली गेली. सप्तशृंग गडावर वाढलेल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. गडाच्या सुळक्यावर जायला वाट नाही, भाविकांना तिथे मनाई आहे. चैत्रोत्सवात मध्यरात्री तिथे कीर्तिध्वज लावायचा मान दरेगावच्या एका घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. ती चढाई कुणी वेळ लावून मोजत नाही.

महाराष्ट्राचं नावही या इतिहासात मानाने आहे. १९९८ मध्ये पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. २०१२ मध्ये ‘गिरिप्रेमी’ संस्थेची मोठी नागरी मोहीम एव्हरेस्टवर गेली, २०१९ मध्ये तिचे १० गिर्यारोहक एकाच मोहिमेत कांचनजंगावर. साताऱ्याची प्रियांका मोहिते २०२१ मध्ये अन्नपूर्णा सर करणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. स्त्रियांमध्ये १४ शिखरं पहिल्यांदा स्पेनच्या एदुर्ने पासाबानने २०१० मध्ये पूर्ण केली आणि ऑक्सिजनशिवाय ऑस्ट्रियाच्या गेर्लिंडे काल्टनब्रुनरने २०११ मध्ये. ऑक्टोबर २०२४ मध्ये तोच मिंगमा ग्याल्जे १४ शिखरं ऑक्सिजनशिवाय करणारा पहिला नेपाळी झाला. काही दिवसांनी १८ वर्षांच्या नीमा रिंजी शेर्पाने चौदावं शिखर गाठलं, या यादीतला सर्वांत तरुण माणूस.

हरिहरच्या पायथ्याशी ‘आपल्यालाही जमेल का’ असं विचारणाऱ्यांसाठी पुढची पायरी अगदी ठोस आहे. आधी इथल्याच कड्यांवर, अनुभवी संस्थेसोबत, दोर, गाठी, बिले (सोबत्याचा दोर सांभाळणं) आणि रॅपलिंग (दोरावरून उतरणं) शिकायचं. मग दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट किंवा उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट, इथला साधारण चार आठवड्यांचा बेसिक कोर्स. त्यात ‘अ’ श्रेणी मिळाली तर ॲडव्हान्स. त्यानंतर ६,००० मीटरची शिखरं, मग ७,०००ची, आणि प्रत्येक वेळी उंचीवर आपलं शरीर कसं वागतं याची स्वतःची वही. प्रवेशासाठी रांग मोठी असते, अर्ज वर्षभर आधी करावा.